बेसी कोलमनचे अखेरचे उड्डाण

दिनांक ३० एप्रिल १९२६. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतातील जॅक्सनव्हिल येथून सकाळी एका जुन्या विमानाने उड्डाण केले. विमान चालवीत होता चोवीस वर्षांचा मेकॅनिक विल्यम विल्स. त्याच्यासमवेत होती बेसी कोलमन. दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हवाई कसरतीत छत्रीने उडी घेऊन कोठे उतरावे, याची पाहणी तिला करावयाची होती. वाकून खाली नीट पाहता यावे म्हणून तिने कमरेचा पट्टा बांधला नव्हता. सुमारे दहा मिनिटे गेली असतील नसतील, तोच विमानाने एकाएकी खाली सूर मारला. ते गरगरत उलटले आणि बेसी बाहेर फेकली गेली. विल्स विमानासह भूमीवर आदळला. दोघांचाही अंत झाला.

धावून आलेल्यांपैकी एकाने सिगारेट शिलगावली आणि सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला. पुढे त्या जळक्या सांगाड्यात सापडला एक पाना! इंजिनाच्या दुरुस्तीच्या वेळी आत राहिलेला हा पाना घसरून नियंत्रणाच्या दंतचक्रांत अडकला होता.

हे विमान होते 'जेनी' जातीचे. पहिल्या महायुद्धात नवशिक्या वैमानिकांना शिकविण्यासाठी अशी सहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. युद्ध संपताच ती मातीमोलाने विकली गेली व गावोगाव कसरती करणाऱ्यांच्या हाती आली. बेसीचे हे विमान टेक्सासमधून फ्लॉरिडाला आणताना विल्सला बिघाडामुळे वाटेतच उतरावे लागले होते. त्याच विमानात दोघे बसले. याहून चांगले विमान विकत घेण्याची बेसीची ऐपत नव्हती, हेही पान्याइतकेच ध्यानात घ्यावयास हवे.

बेसीचा जन्म १८९२ साली टेक्सासमध्ये, तेरा भावंडांच्या घरात झाला. बालपण कापूस वेचण्यात गेले. पुढे शिकागोत ती नखे कोरण्याचे काम करू लागली. वर्णाने काळी, त्यातून स्त्री; अमेरिकेतील एकाही विमानशाळेने तिला दार उघडले नाही. तेव्हा ती फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिने आंतरराष्ट्रीय परवाना मिळविला. तो मिळविणारी ती आफ्रिकी वंशाची पहिली अमेरिकन स्त्री होय. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात इंजिन बंद पडून तिचे विमान कोसळले व पाय मोडला. बरी होताच ती पुन्हा उडू लागली. टेक्सासमधील एका गावी गोऱ्यांना एक व काळ्यांना दुसरे, अशी प्रवेशद्वारे ठेवण्याचा बेत होता. द्वार एकच असेल तरच विमान उडेल, असे तिने निक्षून सांगितले. आत बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

या साऱ्या कसरती कशासाठी? आपल्या बांधवांसाठी विमानशाळा काढावी, हा तिचा ध्यास होता. त्यासाठीच ती पैसा जमवीत होती, आणि तो पैसा पुरत नव्हता.

शिकागोतील तिच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले. तिची शाळा निघाली नाही. पण १९२९ साली लॉस एंजेलिस येथे तिच्या नावाने एक विमान-मंडळ स्थापन झाले आणि तेथे काळे तरुण उड्डाण शिकू लागले.