शस्त्रापूर्वींची तयारी

१९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें क्रेमेन, लिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्थूलत्वावर एक शस्त्रक्रिया मांडली: लहान आंतड्याचा मोठा भाग अन्नमार्गांतून वगळावयाचा. त्या वाटेनें वजनें उतरलीं खरीं. पण पुढें मुतखडे व यकृताचे विकार उद्भवले, आणि ती रीत मागें पडली. १९६६ मध्यें आयोवांत मेसन व इटो यांनीं आंतड्याऐवजीं जठराकडे मोर्चा वळविला.

शस्त्रवैद्याच्या हाताची चौकशी आपण करतों. स्वतःच्या मनाची क्वचितच! १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्या परिषदेनें सांगितलें, रुग्णाला परिणाम पुरते समजलेले असावेत. शस्त्रवैद्याबरोबर मानसरोगतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांनींही त्याला आधीं पाहावें. कारण जठर लहान झालें तरी पंगतींतला आग्रह आणि दुःखांत खाण्याची संवय तशींच राहतात. लहान घास, सावकाश चर्वण, हें सारें शस्त्रक्रियेपूर्वींच घरच्या ताटावर करून पाहावयाचें असतें.