पाण्यावाचून गळ

मासे पकडण्याच्या व्हिडिओ गेमला हसणारे पुष्कळ भेटतात. हातात ती गळकाठी येईपर्यंत आम्हीही हसलो होतो.

सेगाचा ‘गेट बास’ १९९७ साली आर्केडमध्ये आला. १९९९ मध्ये तो ड्रीमकास्टवर उतरला आणि पाश्चात्त्यांना ‘सेगा बास फिशिंग’ या नावाने परिचित झाला. त्यासाठीचा खास कंट्रोलर म्हणजे दोरीविना गळकाठीची मूठच. बाजूला फिरवायचे रीळ, आत हालचाल ओळखणारी यंत्रणा, आणि मासा लागताच थरथरणारी मोटर. मनगटाच्या झटक्यासरशी आमिष पाण्यात पडते. पण खरी परीक्षा पुढेच. अधाशीपणे रीळ ओढले तर दोरी तुटते, सैल सोडले तर मासा निसटतो. हा ताण डोळ्यांआधी बोटांना कळतो. साध्या बटणांवर खेळणाऱ्यास तो कळणे अवघड.

गंमत अशी की हा बास मूळचा जपानचा नव्हेच. आकाबोशी तेत्सुमा यांनी १९२५ साली अमेरिकेहून आणून तो आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे फस्त करू लागला, आणि २००५ मध्ये कायद्याने त्याला पाळण्यास व जिवंत नेण्या-आणण्यास बंदी झाली. पडद्यावरचा बास तेवढा निरुपद्रवी राहिला.

२००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले. हात हलवून खेळण्याचे श्रेय आज सर्रास २००६ च्या ‘वी’ला दिले जाते. आम्हांस ते अन्यायाचे वाटते. याच गळकाठीने ‘सोलकॅलिबर’मध्ये तलवारही चालवता येत असे.