मेंदूच्या आवरणाचा दाह आणि विद्यार्थी

इ. स. १८०५ च्या वसंत ऋतूंत जिनीव्हा नगरांत एक अपूर्व सांथ उद्भवली. काल धडधाकट असणारीं माणसें तीव्र डोकेदुखी, वांत्या व ज्वर यांनीं अंथरुणास खिळत आणि थोड्याच काळांत दगावत. व्ह्यूसो नांवाच्या वैद्यानें लिहून ठेविलेली ती हकीकत मेंदूच्या आवरणाच्या सांथीच्या दाहाचें, म्हणजे मेनिंजायटिसचें, पहिलें स्पष्ट वर्णन मानली जाते. त्याचा एक प्रमुख जंतु, मेनिंगोकोकस, वाइक्सेलबाउम यांनीं व्हिएन्ना येथें १८८७ सालीं ओळखला.

या जंतूची रीत मोठी फसवी आहे. कित्येक निरोगी माणसांच्या घशांत तो निमूटपणें राहतो. क्वचित् एखाद्याच्याच रक्तांत शिरून घात करतो. म्हणून निरनिराळ्या गांवांचे तरुण जेथें प्रथमच दाटीनें एकत्र राहतात, तेथें त्याचें फावतें. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमधील कॅटरहॅमच्या लष्करी छावणींत डॉ. ग्लोव्हर यांनीं दाखवून दिलें कीं, खाटा जवळ आल्या म्हणजे जंतु बाळगणारांची संख्या वाढते, आणि खाटांत निदान अडीच फूट अंतर ठेविलें म्हणजे ती उतरते.

जें नव्या शिपायांचें, तेंच नव्या विद्यार्थ्यांचें. ऑक्टोबर १९९७ मध्यें साउदॅम्प्टन विद्यापीठांतील तीन विद्यार्थी या रोगानें मृत्यु पावले. ब्रिटनमध्यें १९९९ च्या अखेरीस ‘सी’ गटाविरुद्ध लस सुरू झाली, व २०१५ पासून विद्यापीठांत नव्यानें येणाऱ्या तरुणांस चार गटांची लस मिळूं लागली. परंतु कोणतीही एक लस सर्व जंतूंस आवरीत नाहीं. लक्षणें ओळखण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आरंभ साध्या तापासारखाच होतो: ज्वर, डोकेदुखी, ओकाऱ्या, हातपाय दुखणें व गार पडणें. मान ताठते, उजेड सोसवत नाहीं, बोलण्यांत भ्रम येतो, गुंगी चढते. अंगावर लाल-जांभळे डाग उठले व त्यांवर कांचेचा पेला दाबूनही ते फिके पडले नाहींत, तर तें घोर संकटाचें चिन्ह होय. मात्र हे डाग कधीं उशीरां येतात, कधीं येतही नाहींत. त्यांची वाट पाहत बसूं नये.

घरीं आई रात्रीं उठून कपाळावर हात ठेविते. वसतिगृहांत दार लोटून निजलेल्या मुलाकडे कोण पाहणार? ‘झोपूं द्या, सकाळीं बरें वाटेल,’ या सद्भावनेच्या शब्दांनींच मोलाचे तास वायां जातात. शेजारच्या खाटेवरील मित्रानें वारंवार हांक मारावी, व या खुणा दिसतांच रात्र-दिवस न पाहतां इस्पितळ गांठावें. १८०५ च्या वैद्यापाशीं पाहणारे डोळे होते, औषध नव्हतें. आज औषध आहे. उणीव पडते ती वेळीं पाहणाऱ्या डोळ्यांची.