उज्जैनचा चौक आणि छायाचित्रकार

उज्जैनला जाऊन आलेल्या माणसापाशी हल्ली छायाचित्रांची वाण नसते. महाकाळाचे शिखर असते, रामघाटावरची आरती असते, हरसिद्धीच्या दोन उंच दीपमाळा असतात आणि ह्या सर्वांपुढे उभी राहिलेली आपली मंडळी असतात. नसते ते शहर. पटनी बाजारातून गोपाळ मंदिराकडे जाताना दोन्ही अंगांना जी घरे लागतात, त्यांचे सज्जे, त्यांचे ओटे, खालची दुकाने ह्यांचे चित्र घ्यावे असे क्वचितच कोणाच्या मनात येते. इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही, म्हणून तिच्याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलावेत असा मानस आहे.

उज्जैन हे प्राचीन नगर खरे. परंतु आज तेथे जे उभे दिसते त्यातील पुष्कळसे मराठी अमदानीतले आहे. इल्तुतमिशाच्या तेराव्या शतकातील स्वारीत महाकाळाचे देऊळ उद्ध्वस्त झाले. ते 1734 च्या सुमारास पुन्हा बांधले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी. शिंद्यांची राजधानी 1810 साली ग्वाल्हेरीस गेली, तरी घराण्याचा ह्या नगरीशी संबंध तुटला नाही. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई ह्यांनी एकोणिसाव्या शतकात भर बाजारात गोपाळ मंदिर बांधले. त्याच्या रुपेरी दरवाजांची कथा सोमनाथ आणि गझनीपर्यंत नेऊन पोहोचविली जाते. ती दंतकथा म्हणून ऐकावी. देऊळ मात्र दंतकथेवाचूनही पाहण्याजोगे आहे.

हे झाले दगडाचे. परंतु त्या काळी ह्या देवळांभोवतालची वस्ती कशी दिसत होती? येथे आपली कागदपत्रे मुकी होतात. फौजेचा खर्च, वसुलाची बाकी, कोणाची तैनात किती, हे सारे आपल्या पत्रांतून सापडते. गल्ली किती रुंद होती हे सापडत नाही. सवाई जयसिंगाने क्षिप्रेकाठी बांधलेल्या वेधशाळेचेच पाहा. तिथे पुढे तोफा ओतण्याचा कारखाना निघाला होता, ही हकीकत आपल्याला कळते ती विल्यम हंटर नावाच्या इंग्रज वैद्याकडून. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने उज्जैनला येऊन यंत्रांची पाहणी केली आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत लेख लिहिला. ग्रहगतीचे वेध घेण्याच्या जागी तोफा ओतणारे आपलेच लोक होते, आणि त्याची नोंद करावी असे त्यांच्यापैकी कोणास वाटले नसावे! पुढे 1923 साली माधवराव शिंद्यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्विदाने तिचे काम पाहिले. आज सम्राट यंत्र आपण पाहतो ते त्या दुरुस्तीनंतरचे. डागडुजीत मूळचे किती राहिले आणि नवे किती आले, हे ठरविण्यास दुरुस्तीपूर्वीचे एकेक चित्र शंभर वर्णनांहून अधिक उपयोगी पडते.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे उशिरा आली असे मुळीच नाही. ती 1839 साली युरोपात जाहीर झाली आणि 1854 साली मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील एक प्रमुख सभासद. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज ह्यास विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन इमारतींची चित्रे घेण्यास नेमले. माळव्याच्या वाट्याला तर लाला दीनदयाळ ह्यांच्यासारखा कसबी माणूस आला. ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढीत होते. 1882 साली गव्हर्नर जनरलचे एजंट सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानात प्रवास केला आणि त्या चित्रांचा ग्रंथ 1886 साली निघाला. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो, सांची ह्यांची ती चित्रे अप्रतिम आहेत. परंतु साहेबाची दृष्टी होती किल्ले, राजवाडे आणि देवळे ह्यांवर. बाजारपेठ त्या दृष्टीच्या परिघाबाहेर राहिली.

इंग्लंडात मात्र ह्याच सुमारास निराळी जाणीव उत्पन्न झाली होती. 1875 साली लंडनमधील ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराई पाडण्याचे ठरले, तेव्हा काही गृहस्थांनी एकत्र येऊन तिची चित्रे घेवविली. सराई वाचली नाही. पण त्या मंडळींनी पुढील अकरा वर्षांत जुन्या लंडनची एकशेवीस चित्रे तयार केली. 1890 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या हौशी छायाचित्रकारांनी सगळ्या वॉरविकशायर परगण्याचीच मोजणी हाती घेतली. 1941 साली, बाँब पडत असताना, इमारतींची राष्ट्रीय नोंद ठेवणारी संस्था तेथे स्थापन झाली. ह्यातील पहिले दोन उद्योग सरकारी नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सुटीच्या दिवशी तिपाई खांद्यावर टाकून निघणाऱ्या माणसांचे ते काम.

उज्जैनला अशा माणसांची निकड आताच आहे. महाकाळाच्या आवाराचा विस्तार करताना 2020 आणि 2021 साली परमारकालीन मंदिराचे अवशेष जमिनीतून वर आले; 11 ऑक्टोबर 2022 रोजी नवीन महाकाल लोकाचे उद्घाटन झाले आणि तो सारा परिसर ओळखू येऊ नये इतका पालटला. लक्षावधी यात्रेकरू यावयाचे तर वाट रुंद हवी, ह्याबद्दल वाद नाही. 2028 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने आणखीही रस्ते रुंद करण्याचे ठरले. पण रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला बळी जातो तो घराच्या दर्शनी भागाचा. आणि जुन्या माळवी घराचे सारे कसब, लाकडी खांब आणि कोरीव तोडे, त्या दर्शनी भागातच असते.

काम अवघड नाही, पण त्याला शिस्त हवी. गोपाळ मंदिरासमोरच्या छत्री चौकात दुकाने उघडण्यापूर्वी जावे. एकदा फळ्या निघाल्या आणि माल बाहेर आला की जोते दिसेनासे होते. यंत्र वर कलविले की भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात, म्हणून समोरच्या घराच्या माडीवर जागा मागून घ्यावी आणि यंत्र सरळ धरावे. विजेच्या तारा, पाट्या, उभ्या केलेल्या दुचाक्या चित्रात येतात म्हणून खंत करू नये. पन्नास वर्षांनी वाचक त्याच प्रथम पाहील. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दिनांक, जागा आणि तोंड कोणत्या दिशेला, ह्या तीन गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात. तारीख नसलेले चित्र शोभेचे. पुराव्याच्या कामी ते लंगडे पडते. दर पाच वर्षांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा चित्र घेता आले तर उत्तमच.

रेल्वेमार्गापलीकडचे फ्रीगंज, त्यातील टॉवर चौक आणि घड्याळाचा मनोरा, हेही सोडू नयेत. ते अर्वाचीन आहेत म्हणून आज त्यांची कोणी पर्वा करीत नाही. आणि एक चित्र रात्रीचे घ्यावे. वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकाळाची पालखी गोपाळ मंदिरी जाते, हरीची आणि हराची भेट होते. त्या गर्दीत सर्वांचे यंत्र पालखीवर रोखलेले असते. एखाद्याने पाठ फिरवून चौकाभोवतालच्या खिडक्यांतून आणि गच्च्यांवरून पाहणाऱ्या घरांचे चित्र घ्यावे.