तळटीप : ‘चार कोहॅन’

जेरी, नेली आणि त्यांची मुले जोसी व जॉर्ज. गाणी, नाच, विनोदी प्रवेश असा मिश्र खेळ, म्हणजे व्हॉडव्हिल, करत अमेरिकाभर फिरणारे हे कुटुंब. त्यांच्यावरचा ‘यँकी डूडल डँडी’ (1942, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ) चरित्रपट म्हणवला जातो. पण त्यातली जॉर्जची पत्नी मेरी काल्पनिक आहे. खऱ्या जॉर्जची दोन लग्ने झाली. पहिली पत्नी एथेल लेव्ही नावाजलेली गायिका-नटी होती. तिला पडद्यावरून पुसणे हा मला अन्यायच वाटतो. जॉर्ज झालेल्या जेम्स कॅग्नीला ऑस्कर मिळाले. त्याची सख्खी बहीण जीन इथे जोसी झाली आहे, म्हणून त्या भावंडांची जवळीक खरी वाटते. खरा जॉर्ज 1942च्याच नोव्हेंबरात वारला.