पत्रा, पोचा आणि 'भ्यः'

तुर्भ्याच्या एका गॅरेजात एका जुन्या बसचं पत्रेकाम चाललं होतं. मिस्त्रींनी खिडकीखालचा भाग नखाने खरवडला, तसे तांबूस पापुद्रे गळून पायाशी पडले. "हा पत्रा मेला. कापून नवीन लावायचा," ते म्हणाले.

पत्रा म्हटलं की नवी मुंबईकराला कळंबोलीचा लोखंड बाजार आठवतो. पण या शब्दाचं मूळ झाडावर आहे. संस्कृत 'पत्र' म्हणजे पान आणि पंखसुद्धा. व्याकरणातला धातू 'पत्', म्हणजे पडणे, उडणे. पानावर मजकूर आला तेव्हा ते पत्र झालं, जेवणाची पानं टाचली ती पत्रावळ झाली, आणि भट्टीतला धातू ठोकून पानासारखा पातळ केला तो पत्रा. गंजून गळणारा तो पत्रा पाहताना मूळचा 'पत्' माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

पत्रा शाबूत असेल तिथे मात्र पोचे काढायचे. तांब्या पडला की त्याला येतो तोच हा पोचा. मिस्त्रींनी आतून लोखंडी ठोकळा टेकवला आणि बाहेरून हातोडीचे हलके ठोके दिले. ठोका नेमका ठोकळ्यावर आला की आवाज टणक होतो. त्यांचं सगळं लक्ष कानात होतं. फार ठोकलं तर पत्रा 'वाढतो', ताणून फुगतो. मग तो गॅसने तापवून ओल्या फडक्याने आकसवायचा. 'डेंट'वरून आपण 'डेंटर' हा कारागीर घडवला. इंग्लंडात त्याला 'पॅनल बीटर' म्हणतात. तरी मला पोचा हाच शब्द अस्सल वाटतो. तो उच्चारला की खड्डा दिसतो.

राहिलेली बारीक उंचसखल जागा लांबीने भरतात. ही लांबी रुंदीची जोडीदार नव्हे. सुतार लाकडाच्या फटीत भरतो ती. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली, त्या वेळच्या बेडफर्ड गाड्यांच्या बॉड्या लाकडी होत्या. त्यामुळे सुताराचे शब्द बसच्या अंगावर दिसतात याचं मला नवल वाटत नाही. घर आणि होडी जशी बांधतात, तशी मराठीत बसही 'बांधतात'. मिस्त्रींनी लांबी घासली आणि डोळे मिटून तळवा फिरवला. जाड लांबी थापून पोचा झाकणं हे काम नव्हे, फसवणूक आहे; गाडी हादरली की तिथेच तडा जातो.

आणि खुद्द 'बस'? फ्रान्सच्या नाँत शहरात 1826 साली स्तानिस्लास बोद्री याने घोड्यांची सार्वजनिक गाडी सुरू केली. अशा गाड्यांना 'ऑम्निबस' हे नाव पडलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. पुढे इंग्रजांनी 'सर्व' सांगणारा भाग छाटला आणि उरला तो नुसता चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकताना चौथ्या ओळीत 'रामेभ्यः' येतं, त्यातला 'भ्यः' हा लॅटिन 'बुस'चा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच प्राचीन भाषाकुळातले. ऑम्निबसचं संस्कृत करायचं तर 'सर्वेभ्यः' होईल. रोज सकाळी वाशीच्या थांब्यावर आपण ज्याची वाट पाहतो तो एक प्रत्यय आहे, आणि त्याचा अर्थ 'साठी', हे कळल्यापासून मला ही गाडी अधिकच आपली वाटते.

मुंबईत बेस्टची शेवटची साधी डबल डेकर 15 सप्टेंबर 2023 रोजी रस्त्यावरून गेली. जुन्या गाड्यांचे फोटो पुष्कळांनी काढून ठेवले आहेत, पण त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचे शब्द फोटोत येत नाहीत. तुमच्या ओळखीत कुणी पत्रेकाम करणारे मिस्त्री असतील, तर एकदा वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या.