जुनी जीप घरी उभी करायची तर आधी तिचा इतिहास



आपल्या मुलचेरा, अहेरी, एटापल्ली भागात अजूनही एखाद्या घरामागे जुनी फोर व्हील जीप दिसते. काही चालू, काही विटांवर. रोवणी आटोपली की लोकं विचारतात, भाऊ, हिला घरीच तयार करता येईल का, अन् आपल्या कामासारखी बदलता येईल का? येते. पण ही गाडी कुठून आली ते माहीत असलं तर कशाला हात लावायचा अन् कशाला नाही ते समजते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी पाहिजे होती. १९४० मध्ये बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना बनवला. मोठं उत्पादन विलीज अन् फोर्ड यांनी केलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या झाल्या. पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर फक्त ८० इंच, वजन टनाच्या आसपास. म्हणून चिखलात जड ट्रक फसतो तिथून ही निघते.

१९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही साध्या लोकांसाठीची जीप काढली अन् ती शेतकऱ्यालाच दाखवली. तिला पीटीओ जोडता येत होता, पट्ट्याची पुली लावता येत होती, मागे नांगर ओढायची सोय होती. पुढे ट्रॅक्टर स्वस्त झाले अन् नांगराचं काम सुटलं, पण ओढायची ताकद तशीच राहिली.

भारतात १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, अन् १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. पहिली ७५ गाड्यांची खेप सुट्या भागात आली अन् इथे जोडली गेली. मग उंच बोनेटची सीजे-३बी आली. तिच्या नव्या इंजिनात एक व्हॉल्व्ह वर असल्याने इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उंच. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद पडली, आपल्याकडे मात्र तोच सांगाडा कितीतरी वर्षं चालला.

आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी मुख्य ठिकाण चंद्रपूर. कच्चे रस्ते, मधे नाले, पावसाळ्यात गावं तुटायची. वनखातं, पोलीस, तहसील, सगळ्यांकडे जीपच. गावात जीप आली म्हणजे सरकार आलं, असंच होतं. त्याच गाड्या लिलावात निघून शेतकऱ्यांकडे आल्या.

पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून डिझेल आलं. कंपनीनेच एमएम ५४० मध्ये प्युजो बनावटीचं डिझेल इंजिन दिलं. गावोगावच्या मिस्त्रींनी जुन्या पेट्रोल जीपमध्येही डिझेल बसवलं. नाल्यात त्याचा फायदा, भिजून बंद पडायला प्लग नाही. पण इंजिन जड, हादरा जास्त. सगळा भार पुढच्या पाट्यांवर अन् गिअरबॉक्सवर येतो, अन् ब्रेक तेच जुने ड्रमचे. म्हणून डिझेल असेल तर आधी ब्रेक अन् स्टेअरिंग पाहा, रंग शेवटी.

घरी काम करायचं तर हा क्रम धरा. चॅसीचा गंज हातोडीने ठोकून पाहा. फुटलेली चॅसी लांबी भरून झाकू नका. मग ब्रेक, मग पाट्यांचे बुश, मग ऑइल सील. जुन्या जीपचे नटबोल्ट इंचाचे, मिलिमीटरचा पाना लावला की नट गोल होतो. जुन्या ट्रॅक्टरचे इंची पाने इथे चालतात. ६.००-१६ टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही असतो, म्हणून काही जण तोच लावतात. रस्त्यावर जायचं असेल तर लावू नका. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, लाकडी ठोकळे ठेवा.

फोर व्हील टाकायचं ते चिखलातच. मधे डिफरन्शियल नाही, डांबरावर टाकलं की पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना पिळतात. जुन्या विलीज बनावटीत पुढची चाकं जोडल्याशिवाय लो गिअर पडतच नाही. लो मध्ये ओढ सुमारे अडीच पट होते. नाल्यातून आल्यावर एक्सलचं ऑइल पाहा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं, बदला. अन् पुलावरून पाणी वाहत असलं तर फोर व्हीलच्या भरवशावर गाडी घालू नका.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगते, बनावटीत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग मिस्त्री. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मूळ रूप राखावं लागते अन् रोजच्या कामाला ती रस्त्यावर चालत नाही.

म्हणजे दोन वाटा आहेत. शोभेला ठेवायची तर सगळं मूळचं ठेवा. कामाला ठेवायची तर कागद अन् फिटनेस सांभाळून, मंजुरी मिळेल तेवढाच बदल करा. पाना हातात घ्यायच्या आधी आरसीबुक काढा अन् त्यावर इंजिन नंबर, चॅसी नंबर अन् इंधन काय लिहिलं ते गाडीशी जुळवा. जुळलं नाही तर ती गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.